वेगवान मोटारीची निगा : मालकाच्या हाती किती, कारागिराच्या हाती किती?

खानदेशातील व्यापारी घरांचा इतिहास त्यांच्या दारात उभ्या राहिलेल्या वाहनांवरूनही सांगता येईल. बैलगाडीने भुसार माल आणणाऱ्या पिढीनंतर फियाट आणि अॅम्बॅसडर यांचा काळ आला, मग मारुतीचा, आणि त्यानंतर उंच, ऐसपैस कौटुंबिक गाड्यांचा. आता पुण्या-मुंबईत शिकून पेढीवर परतलेली तरुण पिढी आणखी एक वाहन पसंत करू लागली आहे : बुटकी, रुंद टायरांची, टर्बो इंजिनाची, क्षणात वेग घेणारी स्पोर्ट्स मोटार किंवा तिच्याच जातीची एखादी चपळ हॅचबॅक. पिंपळनेरसारख्या बाजारपेठेच्या गावात अशी गाडी आली की प्रथम चर्चा होते ती किमतीची. तिच्या निगेची चर्चा मात्र गाडी बिघडल्यावरच सुरू होते.

या गाड्यांचे अधिकृत सेवा-केंद्र गावात नसते, साक्रीलाही नसते. नाशिक, सुरत, पुणे किंवा मुंबई गाठावी लागते. त्यामुळे वर्षातून एकदा गाडी पाठवायची, बिल येईल ते भरायचे आणि मधल्या काळात फक्त धुऊन पुसून ठेवायची, असा प्रघात पडतो. यातील विसंगती व्यापाऱ्याच्या चटकन लक्षात यावी. काट्यावर वजन झाल्याशिवाय जो माल उतरवून घेत नाही, रोजमेळ जुळल्याशिवाय जो दुकानाला कुलूप लावत नाही, तोच गृहस्थ गाडीचे जॉबकार्ड न वाचता सही करतो. आपल्या गाडीत कोणते तेल आहे, टायर किती वर्षांचे आहेत, ब्रेक ऑइल शेवटी कधी बदलले, या तीन प्रश्नांची उत्तरे बहुसंख्य मालकांना देता येत नाहीत. घरच्या घरी निगा राखण्याचे खरे मोल इथे आहे. चार पैसे वाचतात हे खरे. पण त्याहून मोठा लाभ असा की, ज्या यंत्रावर आपण घरच्यांचा जीव सोपवतो त्याची खरी स्थिती आपल्याला ठाऊक राहते.

परिग्रह आणि प्रमाद

जैन कुटुंबात या विषयाआधी दुसरा एक प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळणे योग्य नव्हे. अशी गाडी मुळात घ्यावीच का? श्रावकाच्या परिग्रह-परिमाण व्रतात वाहनांची मर्यादा येते. रोज धारण करण्याच्या चौदा नियमांतही ‘वाहन’ हा स्वतंत्र नियम आहे. ती मर्यादा प्रत्येकाने आपापल्या गुरुभगवंतांच्या साक्षीने आणि ऐपतीने ठरवावी. परंतु वाहन घरात आल्यानंतर त्याच्याकडे दुर्लक्ष करणे हा परिग्रहाच्या जोडीला घडणारा दुसरा दोष ठरतो, आणि त्याचे नाव प्रमाद. जयणा म्हणजे प्रत्येक क्रियेत जीवदयेची सावधानता. ती पाणी गाळण्यापुरती आणि धान्य निवडण्यापुरती नाही. ताशी शंभर किलोमीटर वेगाने धावणाऱ्या दीड टन लोखंडाच्या बाबतीत ती अधिकच लागू होते.

स्पोर्ट्स मोटार आणि मालकाचा हात

स्पोर्ट्स मोटार आणि मालकाने स्वतः केलेले काम यांचे नाते जुने आहे. ब्रिटनमध्ये लोटस कंपनीने १९५७ साली ‘सेव्हन’ नावाची हलकी दोन आसनी गाडी आणली. ती सुट्या भागांच्या स्वरूपातही विकली जाई, कारण तयार मोटारीवर लागणारा खरेदी कर सुट्या भागांच्या संचावर लागत नसे. करबचतीचे हे गणित कोणत्याही व्यापाऱ्याला चटकन उमगेल. गिऱ्हाईक आपल्या घरामागच्या खोपीत गाडी जोडी आणि मग तिची दुरुस्तीही स्वतःच करी. १९८९ मध्ये आलेली जपानची माझदा मियाटा जगभर लोकप्रिय झाली, त्यामागेही तिची साधी रचना आणि मालकाला सहज करता येणारी कामे हे एक मोठे कारण होते.

आपल्याकडेही याचे एक उदाहरण आहे. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ‘सॅन स्टॉर्म’ नावाची उघड्या टपाची दोन आसनी गाडी गोव्यात तयार होऊ लागली. तिची काया फायबरग्लासची होती आणि इंजिन रेनो कंपनीचे, सुमारे १.२ लिटरचे. गाडी मोजक्याच संख्येने बनली आणि काही वर्षांनी तिचे उत्पादन थांबले. अशा गाडीच्या मालकाला निर्मात्याच्या दारात जाऊन सुटा भाग मागता येत नाही. आपल्या गाडीतील इंजिन दुसऱ्या कोणत्या गाडीत वापरले गेले, त्याचा पट्टा आणि फिल्टर कुठल्या क्रमांकाचा, फायबर दुरुस्त करणारा कारागीर कुठे मिळेल, हे सारे त्यालाच शोधून लिहून ठेवावे लागते. मालकाचे ज्ञान हाच त्या गाडीचा खरा सेवा-करार. आज ज्या गाड्या मोठ्या नावाच्या कंपन्यांकडून विकत घेतल्या जातात, त्यांपैकी काही उद्या बाजारातून निघून जातील. त्या वेळी नोंदी ठेवणारा मालक तग धरून राहील.

आजच्या गाडीत मात्र जुन्या गाडीपेक्षा फार मोठा फरक पडला आहे. इंजिन, गिअर, ब्रेक आणि स्टिअरिंग यांच्यावर संगणकीय नियंत्रण आहे. दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स मिलिसेकंदांत गिअर बदलतो. टर्बोची पाती मिनिटाला एक लाखाहून अधिक फेरे घेतात. म्हणून ‘पूर्वी वडील स्वतः प्लग साफ करत’ एवढ्या आठवणीवर आजच्या गाडीला हात घालता येणार नाही. कोणते काम आपले आणि कोणते आपले नाही, हा विवेक सर्वांत आधी हवा.

ब्रेक : निगेचा पहिला मान

पिंपळनेरहून कोणत्या दिशेला जावे आणि घाट लागू नये, असे फारसे घडत नाही. ताहाराबादमार्गे मांगीतुंगीला निघाले की शेलबारी, नवापूरकडे वळले की चरणमाळ, आणि साक्रीवरून सुरत महामार्ग धरला की कोंडाईबारी. मांगीतुंगीला १०८ फुटी भगवान ऋषभदेवांच्या मूर्तीची प्रतिष्ठा २०१६ मध्ये झाल्यापासून त्या वाटेवर यात्रेकरूंची वर्दळ वाढली आहे. साक्री तालुक्यातील बळसाणे तीर्थासाठीही दूरदूरची कुटुंबे गाड्या घेऊन येतात. घाट उतरताना सतत ब्रेक दाबला की डिस्क आणि पॅड अतिशय तापतात आणि ती उष्णता ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचते.

येथे एक शास्त्रीय गोष्ट समजून घ्यावी. आपण ज्याला ब्रेक ऑइल म्हणतो, ते बहुतेक गाड्यांत तेल नसून ग्लायकॉल वर्गातील द्रव असतो आणि तो हवेतील ओलावा शोषून घेतो. ‘डॉट ४’ दर्जाचा ताजा द्रव किमान २३० अंश सेल्सिअसपर्यंत उकळत नाही, अशी त्याची मानक अट आहे. त्यात सुमारे पावणेचार टक्के पाणी मुरले की हीच मर्यादा १५५ अंशांपर्यंत खाली येते. घाटातील उष्णतेने तो उकळला तर नळ्यांत वाफेचे बुडबुडे होतात. वाफ दाबली जाते, द्रव दाबला जात नाही. त्यामुळे पेडल तळाला टेकते आणि गाडी थांबत नाही. गाडी फार चालली नसली तरी हे घडू शकते, कारण ओलावा किलोमीटर मोजून शिरत नाही, काळाने शिरतो. म्हणूनच बहुतेक उत्पादक साधारण दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलण्यास सांगतात. क्वचित चालणाऱ्या हौसेच्या गाडीत याच तारखेकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते.

मालकाचे काम काय? महिन्यातून एकदा बॉनेट उघडून ब्रेक ऑइलची पातळी पाहावी. पातळी खाली गेली असेल तर नुसते वरून ओतून मोकळे होऊ नये. पॅड झिजल्याने पातळी हळूहळू उतरते किंवा कुठेतरी गळती असते. दोन्हींपैकी कारण कोणते, ते शोधले पाहिजे. चाकांच्या आऱ्यांमधून बॅटरीचा प्रकाश टाकून पॅडची जाडी पाहता येते. पेडल पूर्वीपेक्षा मऊ लागते का, ब्रेक लावताना स्टिअरिंग थरथरते का, याकडे लक्ष असावे. द्रव बदलण्याचे काम मात्र जाणकाराकडेच द्यावे. एबीएस असलेल्या गाडीत नळ्यांतील हवा पूर्ण काढण्यासाठी बऱ्याचदा स्कॅनरची गरज पडते, आणि हा द्रव रंगावर सांडला तर रंग उखडतो. घाट उतरताना खालचा गिअर ठेवावा. स्वयंचलित गिअरच्या गाडीतही ही सोय हातपट्टीने किंवा मॅन्युअल स्थितीने मिळते.

ब्रेकविषयी इतके सविस्तर लिहिण्यास आणखी एक कारण आहे. चातुर्मास संपला की साधू-साध्वींचा विहार सुरू होतो. भल्या सकाळी, धुक्यात, महामार्गाच्या कडेने पायी निघालेला संघ आपण सर्वांनी पाहिलेला आहे. विहारातील अपघातांच्या बातम्यांनी समाज अनेकदा हळहळला आहे. त्या वाटेवर वेगवान गाडी चालवणाऱ्या श्रावकाने वेग आवरावा, आणि आपला ब्रेक निर्दोष आहे याची खात्री घरून निघतानाच करावी. आजच्या काळात यालाही वैयावृत्त्याचाच एक भाग मानायला हरकत नाही.

टायर : चार तळहातांएवढा आधार

गाडी कितीही मोलाची असो, रस्त्याला तिचा स्पर्श होतो तो चार टायरांच्या तळहाताएवढ्या चार भागांनी. टायरच्या कडेवर ‘डॉट’ या अक्षरांनंतर येणाऱ्या मजकुराच्या शेवटी चार अंक असतात. ‘२३२१’ असे लिहिले असेल तर तो टायर २०२१ सालच्या २३ व्या आठवड्यात तयार झाला. नवा टायर घेताना हे अंक वाचणे म्हणजे मालाची तारीख पाहूनच माल घेणे होय. नक्षीची खोली १.६ मिलिमीटरपर्यंत आली की टायर कायद्याने बाद ठरतो; पावसाळी रस्त्यावर मात्र त्याच्या बरेच आधी तो पाणी कापेनासा होतो. नक्षी शाबूत असली तरी रबर वयाने कडक होते. नामांकित टायर उत्पादक पाच वर्षांनंतर दरवर्षी तपासणीचा आणि कोणत्याही स्थितीत दहा वर्षांनंतर बदलाचा सल्ला देतात. खानदेशचा उन्हाळा पाहता ही मुदत ताणू नये.

हवेचा दाब सकाळी, टायर थंड असताना मोजावा. चालकाच्या दरवाजाच्या चौकटीवरील पट्टीत पुढच्या आणि मागच्या टायरांचे आकडे वेगवेगळे असू शकतात. पेट्रोलपंपावर ‘सगळीकडे सारखीच भरा’ म्हणणे स्पोर्ट्स गाडीला मानवत नाही. टायरची कडा आखूड असल्याने खड्ड्याचा मार थेट रिमवर बसतो. म्हणून पावसाळ्यानंतर चारही रिम आतल्या बाजूने वाकलेले नाहीत ना, हे पाहून घ्यावे. अशा अनेक गाड्यांत स्टेपनीच नसते, फक्त पंक्चर भरण्याचा द्रव आणि छोटा पंप असतो. चरणमाळच्या वळणावर त्याचा शोध लागण्यापेक्षा घरच्या अंगणात तो एकदा हाताळून पाहणे शहाणपणाचे.

चाक काढायचेच झाले, तर ते घट्ट करताना टॉर्क पान्याचा उपयोग करावा. किती टॉर्क द्यायचा हे गाडीच्या पुस्तिकेत लिहिलेले असते. सैल नट जितका घातक, तितकाच पायाने दाबून नको एवढा आवळलेला नटही घातक.

तेल, पाणी आणि उष्णता

इंजिन ऑइल हे टर्बो गाडीचे रक्त. ‘५डब्ल्यू-३०’ किंवा ‘०डब्ल्यू-२०’ हे आकडे फक्त तेलाची श्यानता म्हणजे दाटपणा सांगतात. त्यापलीकडे उत्पादकाने मान्य केलेला दर्जा-क्रमांक डब्यावर आहे का, हे पाहावे लागते. दुकानदार ‘हेच चालते’ म्हणाला तरी पुस्तिका उघडून क्रमांक जुळवावा. गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटे थांबून डिपस्टिक पाहावी. काही नव्या गाड्यांत डिपस्टिकच नसते, पातळी पडद्यावर दिसते. तरीही महिन्यातून एकदा ती पाहण्याचे काम मालकाचेच. तेल कमी असणे जसे वाईट, तसे खुणेच्या वर असणेही वाईट.

घाट चढून आल्यावर किंवा लांबचा पल्ला वेगाने कापल्यावर गाडी उभी केली की लगेच किल्ली फिरवू नये. शेवटचा एखादा मैल सावकाश चालवावा, म्हणजे तापलेल्या टर्बोतून तेल खेळत राहते आणि तो शांत होतो. कूलंटच्या बाबतीत एकच कडक नियम : इंजिन गरम असताना झाकण उघडायचे नाही. आत दाबाखाली असलेला द्रव उसळून चेहरा भाजल्याचे प्रसंग थोडे नाहीत. आणि कूलंट कमी झाले म्हणून नळाचे पाणी ओतू नये. क्षारांनी आतील वाटा चोंदतात.

हवेचा फिल्टर आणि वातानुकूलनाचा फिल्टर ही दोन कामे घरी सहज होतात. कांद्याच्या मोसमात पिंपळनेरच्या रस्त्यांवर ट्रॅक्टरांची रांग लागते, धूळ आणि कांद्याची टरफले हवेत असतात; अशा ठिकाणी पुस्तिकेतील मुदतीआधीच फिल्टर पाहून घ्यावेत.

गाडीशी बोलणारे यंत्र

डॅशबोर्डखाली सोळा टाचण्यांचे एक सॉकेट असते. अमेरिकेत १९९६ पासून सक्तीचे झालेले हे ओबीडी तंत्र आता आपल्याकडच्या गाड्यांतही आहे. काही हजार रुपयांच्या आतील छोटा स्कॅनर तिथे जोडला की इंजिनने नोंदवलेले दोष मोबाइलवर वाचता येतात. ‘पी०३००’ म्हणजे एकाहून अधिक सिलिंडरांत ठिणगीचे काम चुकते आहे, ‘पी०१७१’ म्हणजे मिश्रणात हवा जास्त आणि इंधन कमी. परंतु हा क्रमांक म्हणजे निदान नव्हे. डॉक्टरांना ताप किती हे कळावे, तेवढेच त्याचे मोल. ‘पी०१७१’ दिसला म्हणून ऑक्सिजन सेन्सर बदलणाऱ्याला पुढे कळते की, हवेची एक नळी फाटलेली होती. दोष वाचावा, तारीख आणि किलोमीटरसह लिहून ठेवावा, आणि मगच गॅरेजशी बोलावे. नोंद न करता दोष पुसून टाकणे हे खात्यातील फरक न शोधता शिल्लक जुळवण्यासारखे आहे.

उभी गाडी आणि गोदामातील उंदीर

हौसेची गाडी चालते कमी, उभी राहते जास्त. चातुर्मासात प्रवासाची मर्यादा घेणाऱ्या कुटुंबांत तर ती कित्येक आठवडे जागची हलत नाही. आधुनिक गाडीतील संगणक ती बंद असतानाही थोडी वीज घेत असतात, त्यामुळे बॅटरी उतरते. बॅटरीची पातळी राखणारा छोटा स्वयंचलित चार्जर लावून ठेवणे हा सोपा उपाय. बॅटरी बदलायची वेळ आली तर काही गाड्यांत नव्या बॅटरीची नोंद संगणकात करावी लागते, हे आधी विचारून घ्यावे. दीर्घकाळ उभ्या गाडीचा हँडब्रेक ओढून ठेवू नये. चाकांना लाकडी ठोकळे लावावेत. सध्याच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते आणि तेही ओलावा ओढते. आपली गाडी त्यासाठी योग्य आहे का, हे टाकीच्या झाकणावर किंवा पुस्तिकेत पाहावे.

व्यापारी घरांतील सर्वांत नेहमीचा शत्रू मात्र उंदीर. भुसार गोदामाच्या बाजूला गाडी उभी केली की उंदीर बॉनेटखाली ऊब शोधतात आणि वायरी कुरतडतात. एका वायरीसाठी पूर्ण संच बदलण्याची पाळी येते. येथे विषाच्या गोळ्या आणि चिकट सापळे हा आपला मार्ग असू शकत नाही. गाडी धान्यापासून दूर उभी करावी, आत खाण्याचा कणही ठेवू नये, शेडची बिळे आणि फटी बारीक जाळीने बंद कराव्यात, रात्री शेडमध्ये दिवा ठेवावा आणि दर दोन-तीन दिवसांनी बॉनेट उघडून पाहावे. किल्ली फिरवण्याआधी बॉनेटवर दोनदा थाप मारण्याची सवयही चांगली. थंडीत मांजरीचे पिल्लू किंवा खार आत विसावलेली असू शकते. एक थाप त्या जीवाला अभय देते.

ज्याला हात लावायचा नाही

विवेकाची खरी कसोटी इथे लागते. एअरबॅगच्या पिवळ्या जोडण्या, सीटबेल्ट ताणणारी यंत्रणा, दाबून बसवलेल्या सस्पेन्शनच्या स्प्रिंगा आणि दुहेरी क्लचचा गिअरबॉक्स यांना घरी हात लावू नये. विद्युत स्पोर्ट्स गाड्यांतील नारिंगी रंगाच्या जाड तारांत जीवघेणा दाब असतो. पोर्शेच्या टायकानसारख्या गाडीत तो ८०० व्होल्टच्या घरात आहे. नारिंगी तार दिसली की हात मागे घ्यावा.

जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. जॅक फक्त उचलण्यासाठी असतो. सपाट, टणक जमिनीवर, ठरवून दिलेल्या जागी घोड्या लावून, गाडी हलवून पाहिल्यावरच खाली जावे, आणि घरात कोणीतरी जागेवर असताना. हे जमणार नसेल तर तेल बदलण्यासाठी गाडीखाली न जाता गॅरेजला जावे. त्यात कमीपणा नाही. इंजिनची ताकद वाढवण्यासाठी संगणकात केलेले फेरबदल हा निगेचा भाग नव्हेच. मूळ रचनेतील बदलांवर मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमाची मर्यादा आहे, आणि न कळवलेल्या बदलामुळे विम्याचा दावा अडचणीत येऊ शकतो.

हक्क, वॉरंटी आणि हिशोब

‘बाहेर काम केले तर वॉरंटी जाईल’ हे वाक्य प्रत्येक मालकाने ऐकलेले असते. याविषयी भारतीय स्पर्धा आयोगाचा २५ ऑगस्ट २०१४ चा निर्णय माहीत असावा. सुटे भाग आणि निदानाची यंत्रे खुल्या बाजारात न दिल्याबद्दल आयोगाने १४ मोटार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड ठोठावला. दंडावर पुढे अपिले झाली. परंतु त्या निर्णयातील एक निर्देश ग्राहकाच्या दृष्टीने मोलाचा आहे. स्वतंत्र गॅरेजमध्ये काम करून घेतले एवढ्याच कारणावरून सरसकट वॉरंटी रद्द करण्याची अट घालू नये, असे आयोगाने सांगितले. सदोष कामाने नुकसान झाले असेल तर तेवढ्यापुरता प्रश्न वेगळा. २०२२ मध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने ‘दुरुस्तीच्या हक्का’साठी समिती नेमली, तिच्या कक्षेत मोटारीही होत्या. तरीही व्यवहाराचा सल्ला असा की, वॉरंटी चालू असेपर्यंत ठरलेली सर्व्हिस अधिकृत केंद्रातच करावी. घरची निगा त्या जागी येत नाही, तिला पूरक ठरते. आपण केलेल्या प्रत्येक कामाचे बिल, डब्यावरचा क्रमांक आणि छायाचित्र जपून ठेवावे.

हिशोबाच्या बाजूने दोन गोष्टी. गाडी पेढीच्या नावावर घेतली म्हणून जीएसटीचे क्रेडिट मिळेल असे समजू नये. तेरा किंवा त्याहून कमी आसनांच्या प्रवासी वाहनांवर, मोजके अपवाद वगळता, कलम १७(५) नुसार ते मिळत नाही, आणि त्यांच्या दुरुस्तीवर व विम्यावरही मिळत नाही. दुसरे, विम्यासाठी गाडीचे मूल्य चौथ्या वर्षात ४० टक्क्यांनी आणि पाचव्या वर्षात ५० टक्क्यांनी घटवून धरतात. विकायच्या वेळी मात्र खरेदीदार हा तक्ता पाहत नाही, गाडीची वही पाहतो. नोंदी पूर्ण असलेली गाडी अधिक भावाने आणि निर्धास्तपणे विकली जाते.

सांडलेले तेल कोणाच्या खाती?

इंजिनातून काढलेले काळे तेल गटारात किंवा परसात ओतणे हा सर्वांत मोठा अविवेक. २०१६ च्या घातक कचरा नियमांनुसार वापरलेले तेल घातक वर्गात मोडते. पिंपळनेरला पांझरा जवळ आहे, वर लाटीपाडा धरण आहे, आजूबाजूला विहिरींचे बागायती शेत आहे. जमिनीत मुरलेले तेल तेथील असंख्य सूक्ष्म जीवांना आणि शेवटी आपल्याच पाण्याला बाधते. जुने तेल त्याच डब्यात भरून, झाकण घट्ट लावून, नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्यांकडे माल पोहोचवणाऱ्या गॅरेजला द्यावे. जुनी बॅटरी नवी घेताना विक्रेत्याकडे परत करावी. गाडी धुताना नळी सोडून ठेवण्यापेक्षा बादली आणि सुती फडके पुरते. आसनांचा विचार करताना चामड्याऐवजी कापडी किंवा कृत्रिम आवरण मागून घेता येते. गाडी नोंदवतानाच तसे विचारावे.

एक वही, दोन पिढ्या

या सर्वांचे सार एका वहीत मावते. पहिल्या पानावर गाडीचा क्रमांक, तेलाचा दर्जा, टायरांचे आकडे आणि दाब. पुढच्या पानांवर तारीख, किलोमीटर, काय पाहिले, काय बदलले, किती खर्च आला. आठवड्याला टायरांवर नजर. महिन्याला हवेचा दाब, तेल, कूलंट, ब्रेक ऑइल, दिवे आणि वायपर. सहा महिन्यांनी फिल्टर आणि पॅड. दोन वर्षांनी ब्रेक ऑइल बदलल्याची खूण. मासिक तपासणीला अर्ध्या तासाहून अधिक वेळ लागत नाही.

ही वही घरातील थोरांनी आणि तरुणांनी मिळून लिहावी, यात एक वेगळाच लाभ आहे. मुलाला वेगाची हौस आहे आणि वडिलांना काळजी आहे, यावरून अनेक घरांत अबोला धरला जातो. ज्या मुलाने ब्रेकचे पॅड स्वतः डोळ्यांनी पाहिले आहेत, टायरचे वय स्वतः वाचले आहे, त्याला गाडीच्या सामर्थ्याइतक्याच तिच्या मर्यादाही कळतात, आणि तो आपोआप जपून चालवतो. वडिलांनाही कळते की, मुलाचे काळे झालेले हात हे उनाडपणाचे लक्षण नसून जबाबदारीचे आहे. नोकर-चाकर असताना मालकाने पाना का धरावा, असे म्हणणाऱ्यांनी आठवावे की, आपल्या आजोबांनी पेढीवर नोकर असतानाही तागडी स्वतः तपासली होती.

वेगाची हौस पुरवायची की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे. पण एकदा किल्ली हाती घेतली की तिच्याबरोबर वहीही हाती घ्यावी. येत्या रविवारी, व्याख्यान आटोपल्यावर आणि ऊन चढण्याआधी, गाडीचे बॉनेट उघडावे, पुस्तिका शेजारी ठेवावी आणि पहिल्या पानावर पहिली नोंद करावी : ब्रेक ऑइल बदलल्याची तारीख. ती सापडली नाही, तर पुढच्या घाटाआधी काय करायचे तेही त्याच ओळीत लिहिले जाईल.